‘धातुसंवेदक’ या समासाचा विग्रह

शंका : विषारी जड धातूंचे आयन (विद्युतभारित अणू) पाण्यात आहेत का, हे सांगणाऱ्या रासायनिक संवेदकांवरील लेखाच्या भाषांतरात मी ‘धातुसंवेदक’ हा शब्द योजला. हा संवेदक धातूचा शोध घेणारा की धातूपासून घडलेला, असे संपादकांनी विचारले. वस्तुतः येथे दोन्ही खरे आहे, कारण शोधाचे काम धातूचेच संयुग करते. शब्द कसा योजावा?

उत्तर : संपादकांची हरकत रास्त आहे. ‘धूरसंवेदक’ म्हटले की धुराची चाहूल घेणारे उपकरण असाच अर्थ आपण घेतो. म्हणजे अशा समासात पूर्वपद ओळखायच्या पदार्थाचे असते, उपकरणाच्या घडणीचे नव्हे. म्हणून ‘पारासंवेदक’, ‘शिसेसंवेदक’ असे निःशंक लिहावे आणि घडण सांगायची असेल तेथे समास सोडवून ‘रुथेनियमच्या संकुलावर आधारलेला पारासंवेदक’ असे म्हणावे (रुथेनियम हा एक धातू, तर ‘संकुल’ म्हणजे इंग्रजीतील ‘कॉम्प्लेक्स’). शब्द वाढतील, पण संदिग्धता उरणार नाही.

‘संकुल’ वाचताच क्रीडासंकुल आठवते, हे खरे. तरीही मला तो ‘जटिल संयुग’ यापेक्षा बरा वाटतो, कारण ‘जटिल’मधून केवळ गुंतागुंत सूचित होते, तर ‘संकुल’ याचा मूळ अर्थ ‘गजबजलेले’ असा आहे; आणि रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३मध्ये मांडलेल्या कल्पनेत मध्यवर्ती धातूभोवती अन्य आयनांची वा रेणूंची अशीच, मात्र शिस्तबद्ध, दाटी असते.

एका उदाहरणाने विग्रह स्पष्ट होईल. सौरघटांत वापरले जाणारे ‘एन-७१९’ हे रंगद्रव्य रुथेनियमचे संकुल आहे. पाऱ्याचे आयन त्यातील थायोसायनेट गटांच्या गंधकाला जाऊन चिकटतात आणि जांभळट द्रावण नारिंगी होते. रुथेनियम आपल्या जागी राहतो. तो ओळखणारा, पारा ओळखला जाणारा. (पारा आणि गंधक यांची ही ओढ आयुर्वेदातील आपल्या रसशास्त्राला कज्जलीच्या, म्हणजे पारा व गंधक खलून केलेल्या काळ्या भुकटीच्या, रूपाने परिचित आहेच, गंधकयुक्त संयुगांच्या एका वर्गाचे ‘मरकॅप्टन’ हे नावही ‘पारा पकडणारे’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून पडले.)

पुरवणी शंका : मग ‘संवेदक’ऐवजी ‘दर्शक’ चालेल का?

उत्तर : ‘दर्शक’ हा शब्द लिटमससारख्या आम्ल-आम्लारी दर्शकांसाठी रूढ असल्याने तो तेथेच राहू द्यावा. शिवाय पारा काढून घेतल्यावर हे रंगद्रव्य पूर्ववत होऊ शकते, आणि पुनःपुन्हा चाहूल घेण्याची ही क्षमता ‘संवेदक’ या शब्दात अधिक नेमकी उतरते.