पृथ्वीच्या पोटातला लोखंडी गोळा आठ वर्षांच्या मुलीला कसा समजवायचा?

मुलुंडची आई
लेक तिसरीत आहे. प्रकल्पासाठी क्लेचा गोळा करून पृथ्वीच्या बाहेरून आतल्या चार थरांना, म्हणजे भूकवच, प्रावरण, बाह्यगाभा, अंतर्गाभा यांना, चार रंग लावले. रात्री दिवा मालवल्यावर सुरू झाली, "आई, आत कोण गेलं होतं बघायला? आणि एवढं गरम आहे तर ते वितळत कसं नाही?" मी "झोप आता" म्हणून वेळ मारून नेली. उद्या परत विचारणार, हे नक्की. घरात सगळेच कॉमर्सवाले. कुणी सांगेल का?

अंधेरी_फास्ट
यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत, लावून द्या आणि सुटा.

भूगोलवाले काका, दादर
ताई, व्हिडिओत रंगीत थर दिसतील, पण "कोण गेलं होतं" याचं उत्तर मिळणार नाही. आणि पोरीने नेमकं तेच विचारलंय.

सरळ सांगा, कुणीच गेलं नाही. रशियात कोला इथे माणसाने सगळ्यात खोल भोक पाडलं, तेही सव्वाबारा किलोमीटर. म्हणजे चर्चगेटहून माहीमसुद्धा आलं नाही. अंतर्गाभा सुरू होतो सुमारे ५,१५० किलोमीटरवर!

मग तिला शहाळेवाल्याकडे न्या. तो कोयत्याच्या पाठीने टकटक करून सांगतो, यात पाणी आहे, यात मलई. न फोडता. पृथ्वीवर ही टकटक भूकंप करतो. त्याच्या लहरी आरपार जातात आणि दुसऱ्या टोकाची यंत्रं त्यांची नोंद घेतात. त्यातल्या दुय्यम लहरी, म्हणजे मागून पोचणाऱ्या, द्रवातून जातच नाहीत, त्यावरून बाह्यगाभा द्रव असल्याचं कळलं. आत गाभा आहे हे लहरींवरून १९०६ साली दाखवणारे ओल्डहॅम त्याआधी आपल्याच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होते, १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास त्यांचाच.

आता मुलीला आवडेल ते. डेन्मार्कच्या इंगे लेमान या बाईंनी १९२९ च्या न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदी तपासल्या. जिथे लहरी पोचायलाच नकोत तिथे बारीकशा पोचलेल्या दिसल्या. म्हणजे आत कशावर तरी आपटून वळल्या. १९३६ मध्ये त्यांनी मांडलं की गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. नोंदींची कार्डं त्या ओटच्या रिकाम्या खोक्यांत ठेवत, असं त्यांच्या भाच्याने सांगितलंय. बाई १०४ वर्षं जगल्या.

आतला लोखंडी गोळा, म्हणजे अंतर्गाभा, न वितळण्याचं कारण दाब. उष्णता पाच हजार अंशांच्या वर, पण दाब आपल्या हवेच्या तीस लाख पटींहून जास्त. कणांना सुटं व्हायला जागाच मिळत नाही.

जाता जाता एक: शाळेतल्या गोळ्यांवर भूकवच बोटभर जाड थापतात, ते बघून माझं डोकं उठतं. गोळा साडेबारा सेंटीमीटरचा असेल तर अंतर्गाभा जेमतेम अडीच सेंटीमीटरचा, आणि भूकवच अर्धा मिलिमीटरही नाही. वर नुसता रंगाचा हात फिरवा.

अलिबागकर
काका, लोखंडी गोळा म्हणजेच पृथ्वीचं चुंबक ना? आमच्याकडच्या चुंबकीय वेधशाळेत तेच मोजतात. पूर्वी हे काम कुलाब्याला चालायचं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर १९०४ मध्ये ते अलिबागला आलं. विजेने सुया भरकटल्या असत्या.

भूगोलवाले काका, दादर
ट्रामचं अगदी बरोबर. चुंबकाचं मात्र नाही. लोखंड ७७० अंशांच्या वर तापलं की चुंबकपणा सोडतं, आत तर त्याच्या कितीतरी पट उष्णता. चुंबकत्व येतं बाहेरच्या द्रव गाभ्यातून. तिथलं वितळलेलं लोखंड सारखं घुसळतं, त्यात वीज वाहते, त्यातून क्षेत्र तयार होतं. आतला गोळा हळूहळू गोठत वाढतो, तेव्हा सुटणारी उष्णता आणि हलकी द्रव्यं या घुसळणीला जोर देतात.

मुलुंडची आई
काका, शहाळं झालं. आता विचारतेय, भूकंप नसेल तेव्हा शास्त्रज्ञ काय करतात?

भूगोलवाले काका, दादर
तिला म्हणावं, जगात कुठे ना कुठे रोज होतोच. आपल्याला जाणवत नाही, यंत्राला जाणवतो.