अंगणातला बार्बेक्यू : तंगड्या करपतात, मासा जाळीला चिकटतो, नवी शेगडी घ्यावी का?

अंगणवासी
नमस्कार. आमच्याकडे कोळशाची उघडी, बिनझाकणाची शेगडी आहे. कोंबडीच्या तंगड्या तिच्यावर बाहेरून काळ्या पडतात आणि हाडाशी मात्र लालसरच राहतात. अख्खा मासा उलटायला जावे, तर कातडी जाळीवर राहते आणि ताटात काट्यांसकट चुरा येतो. झाकणाची शेगडी घेतल्याने हे दोन्ही प्रश्न सुटतील का? हात आखडता आहे, त्यामुळे एकच वस्तू घेता येईल; ती कोणती, हे जाणकारांनी सांगावे. गॅसची शेगडी नको आहे.

रुबाबदार
गॅसचीच घ्या. माझ्याकडे चार बर्नरची, बाजूला भांडे ठेवायला ओटा असलेली आणि काचेच्या झाकणाची शेगडी आहे. खटका दाबला की दहा-पंधरा मिनिटांत जाळी तापते, आणि पाहुणे येईपर्यंत कोळसा फुंकत बसावे लागत नाही. एकदाच काय तो खर्च होतो.

धुरकट
त्यांनी गॅस नको असे स्पष्ट लिहिले आहे. मूळ दोष शेगडीचा नसून निखारे पसरण्याचा आहे. सगळ्या जाळीखाली सारखे निखारे पसरले, तर तंगडीला धगीपासून दूर सरकायला जागाच उरत नाही. सगळे निखारे एका बाजूला ओढावेत आणि दुसरी बाजू रिकामी ठेवावी. तंगड्या आधी रिकाम्या बाजूला ठेवून आतपर्यंत शिजू द्याव्यात आणि शेवटची काही मिनिटे निखाऱ्यांवर आणून कातडी कुरकुरीत करावी. चरबी गळून भडका उडाला, तरी मांस रिकाम्या बाजूला सरकवता येते. पाणी शिंपडले की राख उडून मांसावर बसते. मात्र रिकाम्या बाजूला शिजवायचे तर गरम हवा कोंडून ठेवणारे झाकण हवेच, म्हणून झाकणाची शेगडी घ्या.

काटेकोर
तंगडी हाडाशी लालसर दिसली म्हणजे ती कच्चीच असते, असे नाही. कोवळ्या कोंबडीच्या हाडातील मगजाचा रंग मांसात उतरतो आणि पूर्ण शिजल्यावरही लाली राहू शकते. उलट, रंग पांढरा दिसत असूनही मांस पुरेसे तापलेले नसते, असेही घडते. म्हणून माझे मत असे, की एकच वस्तू घ्यायची तर टोकदार सळईचा तापमापक घ्यावा. कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअस, खिमा ७१, मासा ६३, आणि बकऱ्याचे किंवा डुकराचे अखंड तुकडे ६३ अंशांवर उतरवून निदान तीन मिनिटे तसेच ठेवावेत. सळई तुकड्याच्या सर्वांत जाड भागात खुपसावी आणि ती हाडाला टेकू देऊ नये, कारण हाडाशी आकडा फसवा येतो. तंगडी ७४ अंशांच्या पुढे ८० पर्यंत नेली, तर अधिक मऊ लागते. छातीच्या मांसाला मात्र ही सवलत नाही.

जुना खवय्या
तापमापक कशाला? बोटाने दाबले की कळते. खरी गोष्ट अशी, की मांस आधी मोठ्या धगीवर चारी बाजूंनी भाजून घ्यावे, म्हणजे छिद्रे बंद होतात आणि रस आतच राहतो.

काटेकोर
छिद्रे बंद होत नाहीत. ही समजूत एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या लिखाणामुळे पसरली आणि पुढे चुकीची ठरली. करकरीत भाजलेल्या तुकड्यातूनही जाळीवर रस टपकतच असतो. त्याचा चर्र आवाज आपण सगळेच ऐकतो. मोठी धग हवी ती तपकिरी पापुद्र्यासाठी आणि त्याच्या चवीसाठी.

जुना खवय्या
रस टिकतो की नाही, ते माझ्या ताटात येऊन पाहावे. शास्त्राने तंगडी भाजत नाही.

रुबाबदार
झाकणात तापमापक बसवलेलाच असतो, माझ्या शेगडीला आहे.

काटेकोर
तो झाकणाखालच्या हवेचे तापमान दाखवतो, मांसाचे नव्हे.

मत्स्यप्रेमी
माशाकडे कोणीच पाहत नाही, म्हणून लिहितो. चिकटण्याचे मुख्य कारण ओलावा. धुतलेला मासा कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने आतून-बाहेरून टिपून अगदी कोरडा करावा, शक्य असल्यास काही वेळ फ्रिजमध्ये उघडाच ठेवावा, आणि तेल जाळीला नव्हे तर माशाला चोळावे. जाळी घासून स्वच्छ केलेली आणि खूप तापलेली हवी; हाताचा तळवा जाळीच्या वर वीतभर अंतरावर दोन-तीन सेकंदांहून अधिक धरवत नसेल, तर धग बरोबर आहे. मासा ठेवल्यावर त्याला हात लावू नये. कातडी नीट भाजली की ती आपोआप सुटते, आणि कडेने उलथने घालून पाहिल्यावर ती ओढ धरत असेल, तर आणखी एखादे मिनिट थांबावे. तेलकट मासा हे सारे सहन करतो. पातळ, पांढऱ्या मांसाचा तुकडा मात्र कातडी नसेल तर तुटणारच. त्यासाठी मुठीची दुहेरी जाळी मिळते, तीच घ्या. माझ्याकडच्या पहिल्या जाळीची मूठ धगीने सैल होऊन निखळली, तेव्हा मूठ धातूचीच आहे ना, हे आधी पाहा.

नवखी सुगरण
मासा मुरवताना लिंबू भरपूर घालावे, तासन् तास ठेवावा, मऊ होतो.

मत्स्यप्रेमी
मऊ नव्हे, गिळगिळीत होतो. आंबटाने माशाचे मांस शिजल्यासारखे पांढरे पडते आणि जाळीवर विखुरते. अर्धा तास पुरे. कोंबडीला अधिक वेळ चालतो, पण मसाल्यात साखर किंवा मध असेल तर तो शेवटीच लावावा. तंगड्या काळ्या पडण्याचे तेही एक कारण असू शकते.

धुरकट
निखाऱ्यांवर राखेचा करडा थर येण्याआधी मांस ठेवू नका. पेटवायचे द्रव ओतत असाल, तर त्याचा वास आधी पूर्ण जळून जायला हवा. कोळसा पेटवण्याचे धातूचे नळकांडे घेतले, तर खाली चुरगळलेला कागद घालून ते काम द्रवाशिवायच पंधरा-वीस मिनिटांत होते.

रुबाबदार
म्हणूनच म्हणतो, गॅस घ्या.

अनुभवी वाचक
झाकणाच्या गोल शेगडीला माझेही अनुमोदन. ती १९५२ साली शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी धातूच्या बोयाचे दोन भाग वापरून बनवली, हे अनेकांना ठाऊक नसते. वर-खाली झडपा असतात आणि हवा कमी-जास्त करून धग आवरता येते. जाळी तारेच्या ब्रशने घासत असाल, तर नंतर ती पुसून घ्या, कारण तुटलेली तार अन्नातून पोटात गेल्याची प्रकरणे झाली आहेत. आणि पाऊस आला म्हणून शेगडी पडवीत किंवा गॅरेजमध्ये मुळीच नेऊ नका. कोळशाच्या विषारी वायूला वासही नसतो.

नवखी सुगरण
मी तर म्हणते निखारे एका बाजूला ठेवावेत.

धुरकट
तेच मी वर लिहिले आहे.

अंगणवासी
सर्वांचे आभार. काल निखारे एका बाजूला ओढून पाहिले, रिकाम्या बाजूच्या तंगड्यांवर मोठे स्टीलचे पातेले पालथे घातले, आणि कडेला खाली चिमूटभर फट ठेवली. तंगड्या करपल्या नाहीत, त्यामुळे झाकणाची शेगडी घेण्याचा विचार सोडला आहे. तापमापक मागवला. कच्च्या मांसाचे ताट आणि भाजलेल्याचे ताट वेगळे ठेवण्याचे कोणी लिहिले नव्हते, पण ते घरातूनच बजावले गेले. माशाचे म्हणाल, तर दुहेरी जाळी घेणार नाही. मासा यापुढे तव्यावरच होईल.

मत्स्यप्रेमी
एवढे सगळे लिहिले ते तव्यासाठी? निदान एकदा कोरडा करून जाळीवर ठेवून पाहा.

काटेकोर
पातेल्याला प्लास्टिकच्या कड्या नाहीत ना?