मदत हवी आहे: १८ नंतर मुलाला कुठे शिकवायचं?

नमस्कार मंडळी, माझा मुलगा यंदा १८ पूर्ण करतोय, डाऊन सिंड्रोम आहे, एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळा) दहावी झालाय. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के जागा राखीव आहेत तेही माहितीये, पण बीए करून त्याला काय मिळणार हो? पीएमपीच्या बसमध्ये तिकीट स्वतः मागतो पण सुट्टे पैसे परत घ्यायचे राहतातच, कुकरच्या शिट्ट्या मात्र बरोब्बर मोजतो. पैसे, प्रवास, स्वयंपाक आणि खऱ्या जागी कामाचा सराव असं सगळं शिकवणारा एकदोन वर्षांचा कोर्स पुण्यात किंवा मुंबईत कुठे आहे का? आणि नॅशनल ट्रस्टच्या (बौद्धिक दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) कायदेशीर पालकत्वाचा, म्हणजे १८ नंतरही आम्ही त्याचे पालक राहण्याचा, अर्ज कुणी केलाय का, कलेक्टर ऑफिसला मुलाला सोबत न्यावं लागतं का? प्लीज सांगा.