मालकानं बाप व्हावं का?

लेथवाला: गेल्या महिन्यात आमच्या युनिटमधले सगळ्यात जुने फिटर काका रिटायर झाले. २७ वर्षं एकाच मशिनपाशी. मालकांना आम्ही सगळे 'दादा' म्हणतो. दादांनी शाल-श्रीफळ दिलं, काकांच्या बोटात स्वतः सोन्याची अंगठी घातली. काका रडले. मुलीच्या लग्नाला उचल दादांनीच दिली होती, पोराच्या अ‍ॅडमिशनला फोनही त्यांनीच केला होता. चहा पिताना मी ग्रॅच्युइटीचं विचारलं, तर दादा हसून म्हणाले, "घरच्या माणसाला कसला हिशेब दाखवायचा?" काकाही हसले. मला मात्र तो चहा गोड लागला नाही. मालकानं मालकच राहावं, बाप होऊ नये असं माझं मत. तुमचं?

वाडीकर: एका दादावरून सगळ्यांना झोडपू नका. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या उजाड माळावर वाडी वसवली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहाऱ्याला ठेवलं. आज असल्या माणसाचा अर्ज एचआरच्या पहिल्या चाळणीतच गळेल. अशी माणसं नियमानं उभी राहत नाहीत, कुणीतरी पाठीवर हात ठेवावा लागतो.

खडूस: पाठीवरचा हात गळ्यापाशी कधी येतो ते कळत नाही, वाडीकर. शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमननं कामगारांसाठी अख्खं गाव बांधलं होतं. बाग, वाचनालय, नेटकी घरं. १८९३ च्या मंदीत त्यानं मजुरी कापली, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. १८९४ ला संप झाला आणि तो मोडायला सैन्य आलं.

वाडीकर: आणि जमशेदपूर? आठ तासांचा दिवस तिथं १९१२ लाच आला, कायदा व्हायच्या कितीतरी आधी.

खडूस: संप तिथंही झाला की, १९२८ मध्ये.

ओसाकाकर: इकडे जपानमध्ये पूर्वी लग्नात मध्यस्थ म्हणून वराचा साहेब सपत्नीक बसायचा. नाकोदो म्हणतात त्याला. आता ती पद्धत जवळजवळ गेली. कायमच्या नोकरवर्गाला कंपनी अजूनही बरीच सांभाळते. पण आमच्या मजल्यावर शेजारच्या टेबलावर तेच काम करणारी कंत्राटी बाई आहे, तिला बोनस नाही. म्हणजे कुटुंब आहे, फक्त रेशनकार्डावर सगळ्यांची नावं नाहीत.

प्रेसशॉप: मी कारखानदार. १४ माणसं. लॉकडाऊनमध्ये बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून पगार केले. पगार २१ हजारांच्या वर गेला की माणूस ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, बाहेर पडतो. मग रात्री दोनला त्याच्या आईला दवाखान्यात न्यायचं तर फोन कुणाला येतो? मला. लेथवाले, तुमच्या कायद्याला रात्री दोनला रिंग जाते का?

लेथवाला: नाही जात, मान्य. पाटल्यांपुढे मी काय बोलणार. पण तुमच्याकडचा माणूस रिटायर झाला तर ग्रॅच्युइटी देता ना?

प्रेसशॉप: देतो. दहाच्या वर माणसं आहेत, द्यावीच लागते.

लेथवाला: मग आपलं भांडणच नाही.

खडूस: आहे. ते देतात कारण कायदा आहे. पाटल्या गहाण ठेवल्या कारण माणूस चांगला आहे. उद्या गादीवर मुलगा बसला की?

प्रेसशॉप: मुलगा पुण्याला आयटीत आहे. तो बसणारच नाही.

हिशेबनीस: गप्पा झाल्या असतील तर आकडा घ्या. काकांचा शेवटचा बेसिक आणि डीए किती?

लेथवाला: १८ हजार.

हिशेबनीस: १८ हजार भागिले २६, गुणिले १५, गुणिले २७ वर्षं. २ लाख ८० हजार ३८५ रुपये. अंगठी किती ग्रॅमची होती?

लेथवाला: तीन. काल संध्याकाळी हा आकडा कागदावर लिहून काकांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, "मागितले तर अंगठी परत द्यावी लागेल का रे?"