मार्गशीर्षातलं वादळ : तेव्हा तुमच्या घरात काय चाललं होतं?

जूनच्या तोंडावर वादळ आलं तर कोकणातलं घर निदान अर्धं तरी तयार असतं. कौलं चाळून झालेली असतात, लाकडं आत गेलेली असतात, पडवीला झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, लावायचं काम सुरू असतं. डिसेंबरात नेमकं उलटं. खळं नुकतंच सारवलेलं, त्यावर मांडव, गवताची उडवी बाहेर, सुकी मासळी बाहेर, गाद्यासुद्धा उन्हात. अख्खं घर अंगणात येऊन बसलेलं असतं.

२०१७ सालचं ओखी आठवा. कन्याकुमारीजवळून लक्षद्वीपकडे गेलं आणि तिथून उत्तरेला वळलं. आपल्या किनाऱ्याला धडकलं नाही, लांबूनच गेलं. पण ३ डिसेंबरला पौर्णिमा होती, दत्तजयंतीची, म्हणजे उधाण होतंच. त्या दोन-तीन दिवसांच्या बातम्यांत बोटी आल्या, बंदरं आली, मंत्री आले. मला घरातलं ऐकायचंय. कोणी काय उचलून आत आणलं, चूल कुठे मांडली, कोण कोणावर ओरडलं. ओखीच पाहिजे असं नाही, पावसाळा संपल्यावरचं कुठलंही वादळ चालेल.

सुरुवात मीच करते. तुम्हीही वर गावाचं नाव टाकून लिहा.

वेंगुर्ला

आमच्याकडे वर्षाचे उकडे तांदूळ घरीच होतात. भात उकडायचं आणि खळ्यात चटयांवर वाळवायचं. थंडीतलं ऊन त्याला बरं. डिसेंबरात पहाटे इथे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, तो अंगाला लागला की मी चूल पेटवायला उठते. त्या दिवशी तो सुटलाच नाही. सासरे ओटीवर उभे राहून माडांच्या शेंड्यांकडे बघत होते. म्हणाले, "वारो फिरलो. दक्षिण सुटली. भात आत घेवा."

भात अर्धंच वाळलेलं. अशा भाताचा ढीग करून ठेवता येत नाही. आतून तापतं, वास धरतं, मग बुरशी. म्हणजे पसरायलाच हवं. कुठे? माजघरात, पडवीत, देवघराच्या दारापर्यंत, पलंगांच्या खाली. दोन दिवस आम्ही भातातूनच चालत होतो, आणि जाता-येता पायानं ते ढवळायचं असा सासूबाईंचा हुकूम. मुलांना ही शिक्षा वाटली नाही, त्यांनी त्यात गाड्या चालवल्या. लाइट नव्हते त्यामुळे पंखा नाही. एका कोपऱ्यात सासूबाईंनी शेगडीत निखारे करून ठेवले, तिथलं भात आधी वाळलं म्हणून त्या पुढे महिनाभर ऐकवत होत्या.

मांडव गेला. त्याचं कोणाला काही वाटलं नाही, झापं आणि बांबूच ते.

देवबाग

आमचं गाव एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. त्यामुळे पाणी कुठल्या दारातून येईल हा प्रश्न आमच्याकडे खराच असतो. घरात वर दोन खोल्या पर्यटकांसाठी आहेत. डिसेंबर म्हणजे सीझन. कोल्हापूरकडचं एक कुटुंब आलेलं, आजी धरून. बोटिंग बंद, स्कूबा बंद, बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा. पाहुणे वैतागतील असं वाटलं होतं. ते कसले! "वादळ बघायला मिळणार ना नक्की?" असं त्यांचा मुलगा सकाळपासून विचारत होता.

रात्री भरतीला मिळालं. बंधाऱ्याचे दगड ओलांडून पाणी माडांच्या बागेत आलं आणि तिथून सरळ आमच्या मागच्या पडवीत. लाट बिट काही नाही, गुपचूप येतं. आई ओरडली, "पाणी इला गे!" आणि मग जी काही उचलाउचल झाली ती विचारू नका. सिलिंडर डायनिंग टेबलावर. तांदळाची कणगी जिन्यात. मिक्सर, पाहुण्यांसाठी आणलेलं पीठ, कागदपत्रांची पेटी सगळं वर. कोंबड्या बाथरूममध्ये, तेही वरच्या मजल्यावरच्या. फ्रिज उचलायला पाहुण्यांचे बाबा खाली आले, आणि त्यांच्या आजीबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून हाताला येईल ते पुढे सरकवत होत्या. अकरा-साडेअकराला सगळे वरच्या एका खोलीत बसून पोहे खात होतो. गिऱ्हाईक कोण आणि घरचं कोण ते कळेना. सकाळी त्यांनी खोलीचं भाडं द्यायला काढलं तेव्हा बाबा आणि ते यांच्यात जे भांडण झालं ते रात्रीच्या पाण्यापेक्षा जास्त वेळ चाललं.

पाणी ओहोटीला गेलं. चिखल आणि विहीर मात्र आम्हाला ठेवून गेलं. विहिरीबद्दल कोणी विचारलं तर सविस्तर लिहीन.

देवगड

बातमीतल्या बोटी आमच्या खिडकीतून दिसत होत्या. केरळच्या साठाच्या वर आणि तामिळनाडूच्या दोन, आसऱ्याला आमच्या बंदरात शिरल्या. नऊशेच्या वर खलाशी. सरकारनं जेवणखाण, डिझेल वगैरे बघितलं, पण बंदराजवळच्या घरांत माणसं येणारच. त्यांना सगळ्यांत आधी हवा होता फोन चार्ज करायला सॉकेट. आमच्या ओटीवर एका एक्स्टेंशनला इतके फोन लागले की बाबा त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसले, कोणाचा कुठला ते लक्षात ठेवायला. भाषा कोणालाच कोणाची येत नव्हती. पण फोन लागल्यावर पलीकडे कोणी रडत असेल तर ते कळायला भाषा लागत नाही.

आईनं भात टाकला, सोबत सोलकढी आणि बांगड्याचं तिखलं. जाड उकड्या तांदळाचा भात ताटात बघून एक म्हातारा तांडेल (बोटीवरचा प्रमुख) खुलला; त्यांच्याकडेही तसाच जाड, लालसर असतो म्हणे. सोलकढी त्यांनी चाखून बाजूला ठेवली. आई अजून त्यावर नाराज आहे.

नायगाव, मुंबई

आमचा अनुभव थोडा वेगळा, चालेल ना? बीडीडी चाळ, १६० चौरस फुटांची खोली. ६ डिसेंबर म्हणजे दरवर्षी आमच्याकडे यवतमाळकडचे नातेवाईक असतात, चैत्यभूमीला जायला आलेले. त्या वर्षी ४ तारखेच्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीची शाळा-कॉलेजं बंद म्हणून जाहीर झालं आणि ५ ला दिवसभर पाऊस. शिवाजी पार्कात चिखल, मंडपांत पाणी. पालिकेनं शाळा उघडून लोकांची सोय केली. आमच्या चाळीतल्या खोल्याही त्या रात्री शाळाच झाल्या होत्या. ओळखीचे आले, त्यांच्या ओळखीचे आले.

अडचण जागेची नव्हती. जागा कधीच नसते, तिची सवय आहे. अडचण कपड्यांची. सहा तारखेला पांढरं नेसून जायचं, आणि सगळ्यांच्या पांढऱ्या साड्या, सदरे पिशवीतच भिजलेले. आत्यानं सगळं पुन्हा धुतलं, कारण चिखलाचे डाग. गॅलरीत दोऱ्या बांधल्या पण हवेतच पाणी, काही वाळेना. मग खोलीत पंखा पाचवर, खाली माणसं गोधड्या घेऊन कुडकुडतायत आणि वर साड्या. पहाटेपर्यंत आई आणि आत्या पाळीपाळीनं इस्त्री फिरवत होत्या. शेजारच्या काकूंनी त्यांची इस्त्री आणून दिली, तेव्हा कुठे सकाळपर्यंत झालं. सहाला आम्ही सगळे कोरड्या पांढऱ्यात रांगेत होतो.

अलिबाग

मी तेव्हा सहावीत. सुट्टी मिळाली. वादळ आलं नाही. आईनं दोन दिवसांचं पाणी भरून ठेवलं होतं, घरातल्या एकूण एक टोपांत, त्यामुळे जेवण करायला टोप शिल्लक नव्हता आणि आम्ही ब्रेड खाल्ला. एवढंच.

(निसर्ग आलं तेव्हा, जून २०२० मध्ये, हेच टोप कामाला आले. पण ते हिवाळ्यातलं नव्हे.)

रत्नागिरी

ओखीपेक्षा मला फयानचं जास्त आठवतं. नोव्हेंबर २००९. अकरा तारखेला दुपारनंतर ते अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये कुठेतरी किनाऱ्यावर चढलं, पण त्याआधी आमच्या अंगावरून गेलं. दिवाळी होऊन गेलेली, मासेमारीला जोर होता, गावातली निम्मी माणसं पाण्यात. माझे यजमान आणि दीर दोघेही.

दिवसभर मी काय केलं, तर स्वयंपाक. भाकऱ्या थापत राहिले. कोण खाणार हा विचार नव्हता. जाऊबाई दोनदा म्हणाल्या, "पुरे आता," आणि तिसऱ्यांदा स्वतःच पीठ मळायला बसल्या. पत्रे उडत होते, समोरच्या घरावर आंब्याची फांदी पडली, लाइट दुपारीच गेलेले. वायरलेसवर काही लागत नव्हतं. वाडीतल्या बायका एकेक करून आमच्याकडे आल्या, कारण आमचं घर स्लॅबचं. कोणी काही विचारायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं. एकीनं मुलांना पाढे म्हणायला बसवलं.

आमचे दोघे दुसऱ्या दिवशी जयगडच्या खाडीत सापडले, होडी तिथे घातली होती त्यांनी. त्या वादळात सगळ्यांचे परतले नाहीत. आमच्या आळीतलं मी इथे लिहिणार नाही, ती घरं हे वाचतील.

एक सांगते. तेव्हापासून घरात बावट्याची चर्चा बायका करतात. बावटा लागला की जाऊबाई आधी बंदरावर फोन करतात, मग पुरुषांना विचारतात.

रत्नागिरी, पावस रस्ता

आमचं घर नाही, मोहोर भिजतो. डिसेंबरात आंबा मोहोराच्या तयारीत असतो, त्यात पाऊस आणि ढगाळ हवा म्हणजे तुडतुडा, भुरी, करपा, अशी कीड आणि रोग. ओखीनंतर तेच आणि १-२ डिसेंबर २०२१ च्या पावसानंतरही तेच. घरातलं विचाराल तर आमच्या ओटीवर फवारणीचा पंप असतो आणि वडील आकाशाकडे बघत चहा थंड करतात.

पुणे (मूळ गुहागर)

इथे कोणीतरी हल्लीच अशी वादळं येतात असं म्हणेल, म्हणून आधीच लिहितो. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐन पावसाळ्यात वर आणि खाली वारे इतके वेगवेगळ्या दिशांनी वाहतात की वादळाचा खांब उभाच राहू शकत नाही. तेव्हा दिवाळीनंतरचं वादळ अवेळी म्हणणं बरोबर नाही. वेळ त्याचीच आहे. आपण मात्र त्या वेळेला घर उघडून बसतो.

सातपाटी

वेळ त्याची, बरोबर. पण बोंबलाचीही तीच वेळ आहे त्याला काय करायचं? थंडीचं कोरडं ऊन असतं तेव्हाच वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या मांडणीवर, बोंबील सुकतात. तोंडात तोंड अडकवून जोडीनं टांगायचे, बांबूवर ओळीच्या ओळी. ओखीच्या पावसाची बातमी आली तेव्हा आमच्या वलांड्या भरलेल्या. अर्धवट सुकलेला बोंबील काढायलाही नको वाटतो, ठेवायलाही. सासू म्हणाली काढा. संध्याकाळभर सगळं घर, शाळेतून आलेली मुलं, वरच्या आळीतली नणंद, सगळे वलांडीवर. टोपल्या भरून आत. पुढच्या खोलीत, मोरीशेजारी, शिवणाच्या मशीनवर. दारं बंद, कारण बाहेर पाऊस. त्या वासाबद्दल आम्ही कोळणी काही बोलत नाही, पण त्या दिवशी माझा नवरा होडीवर झोपायला गेला.

दमट हवेत ते टिकणार नव्हतेच. बरेचसे लालसर पडले, मऊ झाले. चांगले वेगळे काढून मीठ लावलं. उरलेले कोंबडीखाद्यवाल्याला, मिळेल त्या भावानं. जे काढलेच नाहीत, शेजारच्यांचे, ते वलांडीवरच नासले.

नंतर पंचनामा झाला. होडीचं नुकसान, जाळ्यांचं नुकसान, घराच्या पत्र्यांचं नुकसान. बोंबलाला रकाना नव्हता. आलेल्या बाबूंना सासूनं एक टोपली नाकासमोर धरून दाखवली. त्यांनी "इतर" मध्ये लिहून घेतलं. पैसे काही आले नाहीत.

वेंगुर्ला

सातपाटीच्या ताई, आता ताडपत्री ठेवता का? आणि देवबाग, विहिरीचं लिहा की.

सातपाटी

ताडपत्री असते, पण ती बोंबलावर टाकली तर खाली उबतं. म्हणून घराच्या बाजूला एक शेड केली, वरून पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या. आत वलांडीच आहे, छोटी. ढग दिसले की हलवता येईल तेवढंच हलवायचं.

देवबाग

लिहितो. पहिल्या दिवशी पंप लावून जोरात उपसली, कारण सगळे तेच सांगतात. शेजारच्या आजोबांनी येऊन पंप बंद केला. आमच्या पट्टीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, एकदम ओढलं की खालचं खारं वर चढतं. म्हणून भांगाच्या दिवसांत, भरती कमी असते तेव्हा, थोडं थोडं उपसायचं, मध्ये थांबायचं. आधी तळातला चिखल आणि पाला काढला, मग ब्लीचिंग पावडर. भांडी आणि कपड्यांना ते पाणी महिन्याभरात चाललं, फक्त साबणाला फेस येईना. पिण्याचं टँकरनं, नंतर नळाचं. चहा करून बघायचा हे आईचं परीक्षण होतं. दूध फाटलं की अजून नाही. पुढचा पावसाळा होऊन गेला तेव्हा कुठे चहा जमला. माडांना काही झालं नाही. पोफळी मात्र पिवळ्या पडल्या, त्यातल्या मागच्या ओळीतल्या काढाव्या लागल्या.