रानडुकराचा सुळा लागलेला राखणीचा कुत्रा (संगमेश्वर): मदत हवी आहे

गावठी कुत्रा, वजन १८ किलो. सुळा मागच्या मांडीत घुसलाय. वर भोक दोन बोटांचं, पण आत कातडी स्नायूपासून सुटून पिशवी झालीय. सलाइनने धुतलंय, हळद, पावडर मुद्दाम भरली नाही, कारण वरचं तोंड बंद झालं की आत पू धरतो. खाजगी डॉक्टर भूल देऊन मेलेलं मांस काढायचं आणि नळी ठेवायची म्हणतात. खर्च झेपणारा नाही. हे काम तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होतं का, की थेट जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय गाठू?

दुसरं, भात पोटरीत आहे (लोंब्या बाहेर पडायच्या बेतात) आणि डुकरं रोज येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली मारण्याची परवानगी कुणी काढली असेल, तर अर्जासोबत सातबारा, पंचनामा आणि आणखी काय जोडलं? परवान्याची बंदूक गावात एकाकडेच आहे, ती चालते का?