मेलेलं पात्र परत आलं, पण खेळात काहीच बदललं नाही. कायमचा परिणाम कसा ठेवता?

सातपुडा_डीएम (भुसावळ)

मंडळी, आमचा ग्रुप भुसावळचा. रविवारी संध्याकाळी गच्चीवर डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ; गोष्ट चालवणारा तो डीएम, म्हणजे मी), पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. दोघं रेल्वेत आहेत, त्यांची ड्युटी बदलली की सेशन बोंबललं. एक जण केळीच्या व्यापारात आणि एक ताई कॉलेजात शिकवतात. जग माझं घरचंच: दोन डोंगररांगांच्या मधे नदीचं खोरं, काळी जमीन, उत्तरेला दाट जंगल. तापी आणि सातपुडा सरळ उचललेत, ओळखायला कोणाला वेळ लागला नाही.

तर आमचा पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा), भैरव, एका पडक्या गढीत मेला. डेथ सेव्ह (मरणाच्या दारात टाकायचे फासे) ओळीने फसले. ताईंची क्लेरिक (देवाच्या मंत्रांनी बरं करणारं पात्र) खालच्या मजल्यावर अडकलेली, ती वर पोचेपर्यंत मिनिट उलटून गेलं, म्हणजे रिव्हिव्हिफायचा (मिनिटाच्या आत उठवायच्या मंत्राचा) प्रश्नच मिटला. मग बैलगाडीत घालून मठात नेला, ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा महंतांपुढे ठेवला आणि नवव्या दिवशी रेझ डेड (मिनिट उलटल्यावरही उठवणारा मोठा मंत्र) होऊन साहेब उठून बसले. तो सेशन झकास झाला. बैलगाडीचा प्रवास मी मुद्दाम लांबवला होता, वाटेतल्या गावातले लोक गाडीत काय आहे विचारायचे आणि पोरं दर वेळी वेगळी थाप मारायची.

घोळ त्यानंतरचा. नियमाप्रमाणे परत आलेल्याला अटॅक, सेव्ह, चेक, या सगळ्या फाशांवर उणे ४. एक लाँग रेस्ट (रात्रभराची झोप) झाली की एक कमी. चार रात्री झोपला की जसा होता तसा. आणि मठातून गावाकडे यायला आठवडा लागतो, म्हणजे दंड वाटेतच संपला. पुढच्या लढाईत केळीवाला म्हणतो, "जाऊ दे ना पुढे, मेला तर मेला, हिरा शे ना." सगळे हसले, मीही हसलो. पण मरण म्हणजे पंक्चर काढून घेण्याइतकं झालंय आमच्या टेबलावर.

भैरव खेळणारा स्वतःच म्हणतो की भाऊ, माझ्यात काहीतरी फरक पडलेला दिसू दे. पण केळीवाल्याचं म्हणणं उलट: पात्र मेलं तेव्हा तो गडी अर्धा सेशन चहा देत बसला होता, तेवढी शिक्षा पुरे, वरून आकडे कशाला कापता? मला दोघांचंही पटतं, तिथेच अडलंय.

कायमचं काहीतरी हवं, पण त्याने पात्र लंगडं होऊन कोपऱ्यात बसायला नको. तुमच्या टेबलावर काय करता?

थॅको_काका (जळगाव)

तुमच्या पिढीला मरण स्वस्त झालंय, दुसरं काय. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत रेझ डेड केलं की आधी टक्केवारीचा फासा टाकायचा. कॉन्स्टिट्यूशन (पात्राच्या काटकपणाचा आकडा) १० असेल तर ७५ टक्के, त्यावर पडला की पात्र कायमचं गेलं. वाचलं तरी कॉन्स्टिट्यूशनचा एक अंक कायमचा वजा. मुळात जेवढं कॉन्स्टिट्यूशन तेवढ्याच वेळा उठता येणार. एल्फला तर रेझ डेड लागूच नव्हतं. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत हिरा ५,००० चा होता आणि एक लेव्हल (पात्राची पायरी) जायची.

आता लोक येऊन सांगतील की आकडे नकोत, गोष्टीतून परिणाम दाखवा. दाखवा की. पण गोष्टीतला परिणाम डीएमच्या मूडवर असतो. या पोराला भयानक स्वप्नं पडतात, त्या पोराला नुसता एक पांढरा केस, कारण तो डीएमचा मेव्हणा. आकडा सगळ्यांना सारखा. मरायच्या आधी किंमत माहीत असते, म्हणून माणूस पळून जायचाही विचार करतो. आमच्यात पळून जाणं ही कला होती.

तुला लेव्हल कापवत नसेल तर प्रत्येक वेळी कॉन्स्टिट्यूशनमधून एक काप. लंगडं वगैरे काही होत नाही.

गच्चीवरचा_बार्ड (धुळे)

काय हो काका, मरीसन बी वसुली?

पण गंमत सोडा. सातपुडा भाऊ, तुमचा पुढचा घोळ रेझ डेड नसणार, रिव्हिव्हिफाय असणार. क्लेरिक पाचव्या लेव्हलची असली की ३०० च्या हिऱ्यात एका मिनिटाच्या आत माणूस उभा, उणे बिणे काही नाही. आम्ही सरळ वाटणी केलीय: मिनिटाच्या आत उठलात तर तुम्ही मेलाच नव्हता, जखमी होतात, परिणाम शून्य. मिनिट उलटलं की मग तुम्ही खरंच पलीकडे जाऊन आलात. सगळा खेळ तिथून पुढे. ही रेघ आधीच आखा, नाहीतर दर लढाईनंतर वकिली सुरू होते.

तळोदेकर

आमच्याकडची गोष्ट सांगतो, तिच्यातूनच मी नियम काढलाय. दिवाळीत धनत्रयोदशीला तळोद्याहून अस्तंब्याची यात्रा निघते. डोंगर चढून लोक अश्वत्थाम्याच्या दर्शनाला जातात. आजोबा सांगायचे, तो अजून सातपुड्यात फिरतो, कपाळावरचा मणी काढून घेतला तिथली जखम भरत नाही, आणि वाटसरूकडे जखमेला लावायला तेल मागतो. लहानपणी आम्ही रात्री कोणी तेल मागितलं तर काय करायचं यावरच भांडायचो.

बघा, त्याला हाणामारी कमी येते असं कोणीच म्हणत नाही. ताकद तीच. फरक एवढाच की त्याला रोज दुसऱ्या माणसाकडे हात पसरावा लागतो.

म्हणून आमच्या टेबलावर: जो मिनिटानंतर परत आला त्याचा मारणारा घाव मिटतो पण पूर्ण सुकत नाही. लाँग रेस्टच्या आधी दुसऱ्या कोणीतरी त्याला तेल लावायचं. स्वतः लावलेलं चालत नाही. लावलं नाही तर हिट पॉइंट (जीव मोजायचा आकडा) भरतात, पण हिट डाइस (छोट्या विश्रांतीत जीव भरून घ्यायचे फासे) एकही परत मिळत नाही. एकट्याने फिरणारं रोग (चोरट्या जातीचं) पात्र हळूहळू सुकत जातं, गटात राहणाऱ्याला काही फरक पडत नाही. आकडा आहे म्हणून काका खूश, आणि तो आकडा माणसांतून जातो.

बदल्यात काहीतरी द्या, हे विसरू नका. तुमच्या पॅलाडिनला डिव्हाइन सेन्स असतोच, म्हणून भुतं ओळखण्याची शक्ती देऊ नका, फुकट जाईल. मी असं दिलं: बिनअकलेचे अनडेड, झॉम्बी, सांगाडे, त्याला जिवंत धरतच नाहीत. तो पहिला वार करेपर्यंत ते त्याच्याकडे बघतही नाहीत. आमचा फायटर एकदा झॉम्बींच्या घोळक्यातून चालत गेला आणि पलीकडचं दार उघडून आला. गावच्या कुत्र्यांनी मात्र त्याला ओळखणं बंद केलं, ते मी वरून जोडलं.

सातपुडा_डीएम

तेलाचं जबरदस्त आहे, तळोदेकर. आमच्यात रोज रात्री तेल कोण लावणार यावरून रेल्वेवाले ड्युटी चार्ट बनवतील, तेवढं नक्की.

काका, मूडचं तुमचं म्हणणं मान्य. पण आमचा खेळ दोन-तीन वर्षं चालतो. एकाचं कॉन्स्टिट्यूशन कमी होत गेलं की दर लेव्हलला हिट पॉइंट कमी, म्हणून तो आणखी लवकर मरतो, म्हणून आणखी कमी. एकदा पडलेला पडतच राहतो. आणि शेवटी काय, खेळणारा म्हणतो हे पात्र जाऊ द्या, नवीन आणतो. नव्या पात्राला मरणाचा काहीच परिणाम नाही. म्हणजे किंमत चुकवण्याचा सोपा मार्ग आपणच उघडून दिला.

बार्ड, मिनिटाची रेघ घेतली.

उतारा_लेखनिक (अमळनेर)

मी कचेरीबाहेर बसून अर्ज लिहून देतो, त्यामुळे मला तुमच्या गोष्टीत वेगळंच दिसलं. नवव्या दिवशी उठला म्हणता. रेझ डेडची मुदत किती? दहा दिवस. आपल्याकडे दहाव्याला काय असतं? मला तर हा नियम कोणीतरी घाटावर बसून लिहिला असंच वाटलं.

आता हिशोब करा. मठ ते गाव आठवडा. मेल्याची बातमी गढीवरून थेट गावात गेली असेल, उठल्याची बातमी त्याच्यासोबतच येतेय. म्हणजे भैरव वेशीवर पोचतो तेव्हा दहावा झालाय, तेरावं जेवून लोक मोकळे झालेत. पिंडाला कावळा शिवला का? अर्थातच नाही, आत्मा इकडे चालत येत होता. मग भावाने काय केलं असेल? तासभर वाट बघितली, सगळ्या इच्छा बोलून बघितल्या. "तुझ्या पोरांना सांभाळीन," "तुझं कर्ज फेडीन," "वहिनीला अंतर देणार नाही." शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. ही सगळी वचनं गावासमोर दिलेली आहेत. आता ती पाळायची की नाही?

जमीन: वारस म्हणून भावाचं नाव लागलं, फेरफार झाला. भाऊ वाईट नाही. त्याने बी भरलंय, पेरणी केलीय. उताऱ्यावर भैरव नावाचा माणूसच नाही. जिवंत असल्याचा पुरावा आण म्हणतील. खऱ्या कचेरीतही कागदावर मेलेल्या माणसाला समोर उभं राहून भागत नाही, तुमच्या राजाच्या राज्यात तर विचारूच नका.

सावकार: मेला म्हणून त्याने खातं बंद केलं, अर्धं माफ केलं, पुण्य घेतलं. आता तो येणारच.

देवघर: भावाने टाक करून बसवला असेल. माणूस घरात जेवतोय आणि त्याच्याच टाकाला रोज हळदकुंकू. काढायचा कोणी? आईचा हात उचलेल का?

आणि सगळ्यात मोठं, पॅलाडिनची शपथ. ती "मरेपर्यंत" अशी घेतली होती का? मग ती पूर्ण झाली. तो मोकळा आहे. देव म्हणतोय मोकळा हो, आणि याला मोकळं व्हायचं नाहीये, किंवा उलट. हा एक प्रश्न वर्षभर पुरेल आणि त्याला एकही अंक कापावा लागणार नाही.

थॅको_काका (जळगाव)

लेखनिक, हे चांगलंय. पण दुसरा कोणी मेला आणि त्याला भाऊ नाही, शेत नाही, सावकार नाही, मग? अर्धे लोक अनाथ पात्रच घेऊन येतात, डीएमच्या हाती काही लागू नये म्हणून.

उतारा_लेखनिक (अमळनेर)

मग त्याचं नाव कोणाला आठवतं तेच विचारा, काका. अनाथाचाही खानावळीत हिशोब असतो.

गच्चीवरचा_बार्ड (धुळे)

काकांच्या शंकेवर एक उपाय. रेझ डेडमध्येच लिहिलंय की आत्मा राजी हवा आणि मोकळा हवा. हे वाक्य सगळे वाचून पुढे जातात. तिथे थांबा आणि खेळणाऱ्याला विचारा: कोणाच्या हाकेने आलास, आणि तिकडे काय सोडून आलास? उत्तर त्याने द्यायचं, तुम्ही नाही. त्याने जे निवडलं त्यात मूडचा आणि मेव्हण्याचा प्रश्न राहत नाही.

उठवणाऱ्यांनाही कामाला लावता येतं. डी अँड डीचे नावाजलेले डीएम मॅथ्यू मर्सर यांचा नियम बऱ्याच टेबलांवर चालतो: तीन साथीदार काहीतरी देऊन किंवा बोलून हाक मारतात, मग डीसी (फाशावर गाठायचा आकडा) १० धरून साधा डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा. हाक लागली तर डीसी तीनने उतरतो, फसली तर एकने चढतो. आणि पात्र जितक्या वेळा आधी परत आलंय तितका डीसी कायमचा वर. पहिल्यांदा सोपं, चौथ्यांदा घाम फुटतो.

सातपुडा_डीएम

भैरवच्या खेळाडूशी फोनवर बोललो. लेखनिकांचं वाचून दाखवलं तर तो टाकापाशीच अडकला. म्हणाला, टाक राहू दे, मी रोज त्याच्यासमोर जेवीन, पण आईने एकदा विचारावं की यातला खरा कोण. शपथेचं त्याला आत्ता ठरवायचं नाहीये, खेळता खेळता ठरवू म्हणतो.

मग असं करतोय. मिनिटाच्या आत उठला तर काही नाही. त्यापुढे उठला की उणे ४ पुस्तकाप्रमाणे, आणि एक कायमची खूण जी खेळणारा सांगेल. जखमेचं तेल भैरवला लागू, झॉम्बीवाली सूटही. मर्सरवाला वाढता डीसी सगळ्यांना लागू, काकांसाठी तो आकडा कागदावर लिहून गच्चीच्या भिंतीला चिकटवतो. हे सगळं पुढच्या सेशनच्या आधी बोलून घेणार, कारण केळीवाल्याला विचारल्याशिवाय नियम बदलला तर तो भाव पडल्यासारखा तोंड करून बसतो.

जमिनीचं मात्र केळीवाल्यालाच दिलंय. भैरवच्या भावाचं पात्र त्या सेशनपुरतं तोच खेळणार. त्याने लगेच विचारलं, उभं पीक कोणाचं.

तळोदेकर

उभं पीक पेरणाऱ्याचं, जमीन नंतर बघू. यावरच तीन तास जातील.

एक राहिलंच. हिरे कुठून येतात तुमच्या खोऱ्यात? मंत्रात हिरा वापरून संपतो. प्रत्येक रेझ डेडमागे एक कमी. मठाकडे किती उरलेत ते ठरवून ठेवा आणि महंतांना माहीत असू द्या. आमच्याकडे शेवटचा हिरा पाटलाच्या सुनेच्या नथीत निघाला होता.

थॅको_काका (जळगाव)

आणि भाव वाढला तर? टंचाई झाली की ३०० चा हिरा ५०० ला विकला जाणार. मग तो रेझ डेडला चालतो की नाही? या वादावर आमचा एक ग्रुप फुटलाय. सराफाच्या पोराला डीएम करू नका.